‘हाई चालू शे का बंद?’

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या आठवड्यात भडगावच्या आमच्या घरी नवा एसी बसला. रात्री जेवणं झाल्यावर माय जिना चढून वरच्या खोलीत आली, पलंगाच्या कडेला बसली आणि भिंतीवरच्या पांढऱ्या पेटीकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं विचारलं, "हाई चालू शे का बंद?"

चालू होता. खोली थंड होती, पडदा किंचित हलत होता, बाहेरच्या गल्लीतलं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. जुन्या एसीबद्दल हा प्रश्न तेरा वर्षांत कोणाला पडला नव्हता, कारण तो सुरू झाला की गल्लीच्या टोकाला कळायचं. मायनं विचारलं आणि मला वाटलं, या यंत्राचा सगळा गुण तिनं पाच शब्दांत पकडला. चांगली चीज पुन्हा पुन्हा ऐकावी तसं मी पुढचे दोन महिने त्या यंत्राकडे पाहिलं, त्याचा आवाज ऐकला, त्याचा हिशेब मांडला. त्यातून जे हाती लागलं ते इथं लिहितो आहे.

ही खोली आणि हा उन्हाळा समजल्याशिवाय यंत्राची गोडी कळायची नाही. खान्देशात एप्रिलमध्येच पारा चाळिशी ओलांडतो. मे महिन्यात ४४-४५ अंश म्हणजे आमच्या रोजच्या बोलण्यातला आकडा. आमचं खालचं घर आजोबांनी बांधलेलं, धाब्याचं. सागाच्या सरांवर कड्या, कड्यांवर फळ्या आणि त्यावर धुमसून बसवलेला पांढऱ्या मातीचा जाड थर. भिंती मातीच्या, दोन फुटांहून रुंद. दुपारचं ऊन त्या मातीत शिरतं खरं, पण आत पोचेपोचेपर्यंत रात्र होते आणि तोवर दारं-खिडक्या उघडलेल्या असतात. वरची खोली मात्र १९९८ सालची, स्लॅबची. पाच इंची सिमेंटची ती पाटी दिवसभर ऊन पिते आणि रात्रभर खोलीत ओतत राहते. मे महिन्यात रात्री अकराला स्टुलावर उभं राहून छताला तळहात लावला तर भाकरी उतरवल्यावर तवा असतो तशी धग लागते. एसीला भिडायचं असतं ते बहुतेक या छताशी.

एसी येण्याआधीची वर्षं कूलरची. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, आत पंप. त्याला कमी लेखायचं मला कारण नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते पाणी सुमारे दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता सोबत नेतं, आणि आमच्या मे महिन्यातली हवा इतकी कोरडी की जाळीवरचं पाणी बघता बघता उडतं. कोरड्या खान्देशासाठी याहून शहाणं यंत्र मिळणं अवघड. पण त्याला पाणी लागतं, तेही नेमकं त्या महिन्यात, जेव्हा गावाचे डोळे गिरणा धरणाच्या पाण्याच्या आवर्तनाकडे लागलेले असतात. पाऊस पडला की कूलर तर नुसता ओलावा वाढवतो आणि अंथरूण चिकट होतं. आजारपणात घरातल्या वडीलधाऱ्या आबांना ती ओल सोसेना, म्हणून २०११ साली पहिला एसी आला: दीड टनाचा, विंडो, भिंतीला भोक पाडून बसवलेला.

त्यानंही आपलं काम इमानानं केलं. पण त्याला फक्त दोन गोष्टी येत होत्या, पूर्ण जोर आणि पूर्ण विश्रांती. कॉम्प्रेसर धाडकन सुरू व्हायचा, घरातले दिवे क्षणभर मिणमिणायचे, स्टॅबिलायझर टक टक करायचा. दहा-पंधरा मिनिटांत अंगावर शाल घ्यावी लागायची. मग तो थांबायचा, छतातली धग पुन्हा उतरायची, शाल बाजूला जायची. पुन्हा धाडकन. झोपेचे असे रात्रीतून वीस तुकडे.

नव्या एसीचं वाचन मी त्याच्या लेबलपासून सुरू केलं. हे लेबल ठरवणारी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो ही केंद्र सरकारची संस्था २००२ साली स्थापन झाली. घरगुती एसीवर हे लेबल २०१० पासून सक्तीचं झालं. दुकानात लोक वरच्या कमानीतले तारे मोजतात आणि पुढे जातात. खरी ओळख खालच्या बारीक अक्षरांत आहे.

पहिला शब्द ‘टन’. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो तेवढं काम, असा त्याचा मूळ अर्थ. हा टन अमेरिकी, ९०७ किलोचा. म्हणजे आमचा दीड टनी एसी पूर्ण जोरात चालला तर तासाला साधारण ५७ किलो बर्फाचं काम करतो. बाजारात रसवंतीवाल्याच्या दारात उतरणारी बर्फाची लादी डोळ्यांपुढे आणली की या आकड्याला वजन येतं. बर्फाच्या व्यापाराची ही आठवण या यंत्राच्या मापात अजून टिकून आहे, हे मला फार आवडलं.

दुसरा आकडा आयएसईईआर. उन्हाळाभरात यंत्रानं खोलीतून एकूण किती उष्णता बाहेर काढली आणि त्यासाठी एकूण किती वीज खाल्ली, यांचं हे गुणोत्तर. आकडा ५ असेल तर एका युनिट विजेवर पाच युनिट उष्णता बाहेर जाते. पहिल्यांदा वाचताना हे खोटं वाटतं. एकातून पाच निघतील कसे? पण एसी गारवा तयार करत नाही. खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो, म्हणजे हमाली करतो, आणि वीज ही त्या हमालीची मजुरी. एका रुपयाच्या मजुरीत किती पोती वाहून झाली, एवढंच हा आकडा सांगतो.

तिसरी गोष्ट लेबलचा कालावधी. तारे कायमचे नसतात. २०१८ च्या कोष्टकात स्प्लिट एसीला पाच ताऱ्यांसाठी ४.५ पुरत होते. जुलै २०२२ पासून त्यासाठी ५ लागू लागले. २०२० साली पाच तारे मिरवणारं ४.६ चं यंत्र त्या दिवसापासून चार ताऱ्यांचं झालं. म्हणून तारे मोजण्याआधी साल वाचावं आणि दोन यंत्रांची तुलना आकड्यावर करावी.

चौथी ओळ बहुतेक कोणीच वाचत नाही: थंड करण्याची क्षमता, १०० टक्क्यांवर आणि ५० टक्क्यांवर. माझ्या मते सगळ्या लेबलचा प्राण या ओळीत आहे. निम्म्या जोरानं चालण्याची क्षमता छापावी लागते, याचा अर्थ हे यंत्र निम्म्या जोरानं चालू शकतं. जुन्याला ते जमत नव्हतं.

निम्म्या जोरात एवढं काय आहे, हे मला आबांच्या मोटेच्या गोष्टीवरून कळलं. पंप येण्याआधी आमच्या मळ्यातल्या विहिरीवर मोट चालायची. आबा सांगायचे, बैलांना दमवतात दोन गोष्टी: विहिरीची खोली आणि हिसका. पाणी जितकं खाली, तितका प्रत्येक मोटेला जोर जास्त. आणि बसलेल्या बैलाला उठवून पहिलं पाऊल टाकायला लावणं सगळ्यात जड. एकदा चाल लागली की जोडी तासन् तास ओढते.

एसीची विहीर म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातलं अंतर. आतली नळीची जाळी दहा-बारा अंशांवर असते, बाहेरची पन्नासच्या वर, आणि तेवढ्या खोलीतून उष्णता वर ओढायची असते. जुना एसी प्रत्येक वेळी पूर्ण मोट भरून हिसक्यानं ओढायचा. त्या घाईत आतली जाळी जास्त गार पडायची, बाहेरची जास्त तापायची, म्हणजे विहीर तो स्वतःच खोल करायचा. इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर विजेची वारंवारिता बदलून आपली चाल कमी-जास्त करतो. जपानमध्ये १९८० च्या सुमारास ही युक्ती घरगुती यंत्रांत आली. खोली हवी तेवढी गार झाली की तो थांबत नाही, हळू होतो. जाळ्या तेवढ्याच मोठ्या, वाहायची उष्णता मात्र निम्मी. त्यामुळे आतल्या जाळीला फार गार व्हावं लागत नाही, बाहेरचीला फार तापावं लागत नाही. विहिरीतलं पाणी जणू वर येतं. वीज वाचते ती या वर आलेल्या पाण्यामुळे. रिमोटवर १८ ऐवजी २५ ठेवलं की तेच पाणी आणखी वर येतं. प्रत्येक अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ब्यूरो सांगते. २०२० पासून नवा एसी सुरू केला की आपोआप २४ वर येतो, तो याच कारणानं.

वाचलेल्यावर विसंबून न राहता मी मीटर वाचला. जुना काढण्याआधी चार रात्री आणि नवा बसल्यावर चार रात्री, रात्री दहाला आणि सकाळी सहाला. रिमोट दोन्ही वेळा पंचवीसवर, खोली तीच, फ्रीज-पंखे तेच. जुन्याच्या रात्री साऱ्या घराला साडेतेरा-चौदा युनिट लागले, नव्याच्या रात्री साडेसात-आठ. रात्रीला सहा युनिटांचा फरक. आमच्याकडे शंभर रात्री तरी एसी लागतो, म्हणजे सहाशे युनिट. महावितरणच्या बिलात शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांवर दराची पायरी चढते. वाचणारे युनिट नेहमी सगळ्यात वरच्या पायरीवरचे, म्हणजे सगळ्यात महाग असतात. म्हणून बिल युनिटांपेक्षाही जास्त वेगानं उतरलं.

मात्र चांगली बंदिश वाईट साथीनं बिघडते, तसं हे यंत्र वाईट बसवणीनं बिघडतं. आमच्याकडे आलेल्या फिटरनं पाव आणि अर्ध्या इंचाच्या तांब्याच्या नळ्या जोडल्या आणि म्हणाला, थोडा गॅस सोडून आतली हवा ढकलून देऊ, सगळे असंच करतात. मी हात जोडून सांगितलं की व्हॅक्यूम पंप लावल्याशिवाय गॅस सोडू नका. नळीत राहिलेली हवा दाब वाढवते, ओलावा तेलात मिसळून कॉम्प्रेसर पोखरतो, आणि लेबलवरचा आकडा पहिल्याच दिवशी खोटा ठरतो. पंप पाचोऱ्याहून मागवावा लागला. संध्याकाळी तो लागला, वीस-पंचवीस मिनिटं घुमत राहिला. गेजची सुई शून्याच्या खाली उणे तीसपर्यंत गेली. पंप बंद करून आम्ही दोघंही त्या सुईकडे टक लावून बसलो. दहा मिनिटं ती केसभरही हलली नाही. फिटर आपणहून म्हणाला, "जोड पक्का आहे, भाऊ." त्याच्या आवाजातलं ते समाधान या खरेदीतला एक मोलाचा क्षण आहे.

बाहेरची पेटी गच्चीवर ठेवणं त्याला सोपं होतं. पण मे महिन्यातली आमची गच्ची म्हणजे तापलेला स्लॅब. तिथली हवा गावाच्या हवेहून कितीतरी गरम. पेटी उत्तरेच्या भिंतीवर, सावलीत, ब्रॅकेटवर बसली. विहीर तेवढीच उथळ झाली.

आता रात्रीचं ऐकणं. पहिली वीस मिनिटं यंत्र जोरात असतं, पंख्याचा सूर चढा. मग कुठल्या क्षणी ते उतरतं हे मी कितीदा पकडायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. बाहेरून रातकिडे ऐकू यायला लागले की समजायचं, उतरलं. दिवे मिणमिणत नाहीत, कारण सुरुवातीचा हिसकाच नाही. पहाटे चारला जाग आली तेव्हा अंगावरची चादर जिथं होती तिथंच होती. आखाजीला माहेरी आलेली बहीण सकाळी म्हणाली की रात्रभर एकदाही उठावं लागलं नाही.

दुसरं ऐकणं ड्रेन पाइपचं. मे महिन्यात त्यातून जेमतेम थेंब पडतात, हवेत पाणीच नसतं. जून सरता सरता तोच पाइप रात्रीत बादली भरतो. इथं या यंत्राचा एक उणेपणा कळतो. हळू चालताना आतली जाळी फार गार नसते, म्हणून ती ओलावा कमी खेचते. पावसाळ्यातल्या दमट रात्री खोली थंड असूनही अंग चिकट लागतं. तेव्हा रिमोटवरचं ‘ड्राय’ वापरावं लागतं. एसी मुळात जन्मला तो ओलाव्यासाठीच. १९०२ साली विलिस कॅरियर यांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी पहिली यंत्रणा आखली, ती दमट हवेनं कागद फुगू-आकसू नये म्हणून. हा धागा पुढे नेण्याचं आव्हान ‘ग्लोबल कूलिंग प्राइझ’ या स्पर्धेनं दिलं. भारत सरकारच्या सहभागानं ती २०१८ साली जाहीर झाली. हवामानावरचा परिणाम पाचपट कमी करणारा घरगुती एसी तिला हवा होता, तोही उष्ण आणि दमट हवेत टिकणारा. २०२१ साली निकाल लागला तेव्हा ग्री आणि डायकिन यांचे दोन संघ विजयी ठरले. आपल्या दुकानातले पाच तारे हा शेवटचा मुक्काम नाही, हे त्या निकालानं दाखवून दिलं.

आणखी उणेपणाही मनमोकळेपणानं सांगितले पाहिजेत. लेबलवरचा आकडा वर्षाला १६०० तासांचा वापर धरून काढतात आणि त्यातलं बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंशांपर्यंतच मोजतात. आमचा मे महिना त्या कागदाच्या पलीकडे जातो. ४५ अंशांच्या दुपारी यंत्राची ताकद घटते आणि भूक वाढते. म्हणून खान्देशातल्या माणसानं स्लॅबखालच्या खोलीसाठी टन हात आखडून निवडू नये, आणि भर उन्हातल्या कामगिरीबद्दल दुकानदाराला मुद्दाम विचारावं. दुसरं, या यंत्राचा मेंदू म्हणजे एक इलेक्ट्रॉनिक पाटी. वीज जाऊन येताना जो झटका बसतो त्यानं ती जळू शकते आणि तिचा खर्च मोठा असतो. तिसरं, ज्याच्या घरी एसी वर्षाला पंधरा-वीस रात्रीच लागतो त्यानं चालू यंत्र मोडीत काढण्याची घाई करू नये. त्याचे पैसे लवकर फिटणार नाहीत.

आणि जुन्याची पाठवणी. त्यात आर-२२ हा गॅस होता. ओझोनच्या थराला मारक म्हणून तो जगभर हद्दपार होतो आहे, आणि त्याचा एक किलो हवेत सुटला तर तापमानवाढीवर सुमारे अठराशे किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो. नव्यातल्या आर-३२ चा हाच आकडा ६७५ आहे, प्रोपेनचा तर तीनच्या घरात. भंगारवाला नळी कापून गॅस सोडून देतो तेव्हा फुस्स असा एक आवाज होतो, बस्स. तेवढ्या आवाजात आपण वर्षभर वाचवलेली वीज हवामानापुरती वाया जाऊ शकते. गॅस काढून घेण्याचं यंत्र असलेला माणूस शोधायला आम्हाला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस सत्कारणी लागले असं मला वाटतं.

गल्लीचाही विचार सुटत नाही. आत गार झालेली प्रत्येक खोली बाहेर कुणाला तरी गरम करते. बाहेरची पेटी खोलीतली उष्णता टाकते आणि त्यात स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णताही मिसळते. नवा एसी निम्मी वीज खातो, म्हणून समोरच्या ओट्यावर झोपणाऱ्या शेजाऱ्यांच्या अंगावर जाणारी झळही कमी झाली. कार्यक्षमतेतला हा शेजारधर्म कुठल्याच लेबलवर छापलेला नसतो.

एक शेवटचं काम राहिलं होतं ते पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी केलं. गच्ची झाडून तिला चुन्याचे दोन हात दिले. चुन्याचा पांढरा रंग ऊन परतवतो, हे आजोबांना धाब्याच्या पांढऱ्या मातीवरून ठाऊक असावं. त्या मे महिन्यात रात्री अकराला पुन्हा स्टुलावर चढून छताला हात लावला. धग होती, पण हात टेकवून ठेवता आला. यंत्र आता पंधरा मिनिटांतच हळू व्हायला लागलं.

माय दुपारी अजूनही खालीच झोपते, धाब्याखाली. मातीची भिंत ऊन एकदम आत येऊ देत नाही, हळूहळू येऊ देते. वरचं यंत्र उष्णता एकदम ओढत नाही, हळूहळू ओढतं. एक शंभर वर्षांच्या शहाणपणातून आलेलं आणि दुसरं कारखान्यातून, पण दोघांची चाल एकच. दोघं काम करत असतात तेव्हा खोलीतल्या माणसाला ते कळत नाही. धाब्याखाली आडवं झाल्यावर कधी कोणी विचारलं नाही की छत चालू आहे का बंद. वरच्या खोलीतही आता कोणी विचारत नाही. माय येते, चादर ओढते आणि झोपते.